शिळे पान, ताजे पान

नोव्हेंबर २००८. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि नागपूरजवळ जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिलाच कसोटी सामना चालला होता. सौरव गांगुलीचा तो अखेरचा. ज्यांना मैदान गाठता आले नाही असे कित्येक नागपूरकर कचेरीत संगणकावर धावफलकाचे पान उघडून बसत. ते पान थोड्या थोड्या वेळाने आपोआप पुसले जाई आणि नवे आकडे घेऊन पुन्हा उमटे. माणसाची नजर लगेच त्याच जागी परत जाते. यंत्राला मात्र हे साधत नाही. संकेतस्थळांची परीक्षा यंत्राकडून करवून घेणे हा माझा धंदा. त्यातल्या या एका अडचणीची ही छोटीशी बखर.

पान आपोआप ताजे करण्याची सोय १९९५ साली नेटस्केप ब्राउझरने आणली. पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहायची, 'इतक्या सेकंदांनी मला पुन्हा मागव', की झाले! पण ज्या अंध वाचकाला संगणक पान वाचून दाखवतो, तो निम्म्या वाक्यावरून पुन्हा आरंभाला फेकला जाई. म्हणून १९९९ सालीच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने, हे ताजे होणे वाचकाला थांबवता येईपर्यंत अशी पाने करू नका, असे बजावले. ऐकतो कोण!

२००४ साली शिकागोत थॉटवर्क्समधल्या जेसन हगिन्सने 'सेलेनियम' हे परीक्षायंत्र रचले. नाव थट्टेचे आहे. प्रतिस्पर्धी कंपनी मर्क्युरी, म्हणजे पारा. आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियम! त्यात 'टिचकी मार आणि पान येईपर्यंत थांब' अशी आज्ञा होती. पण टिचकीवाचून, पान आपल्याच मर्जीने बदलले तर?

पुढे सायमन स्टुअर्टचे 'वेबड्रायव्हर' त्यात मिसळले आणि २०११ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. आता यंत्र पानावरचे एखादे बटण हाती धरून ठेवू लागले. पान ताजे झाले की तेच बटण, तीच अक्षरे, तीच जागा. तरी यंत्राच्या लेखी ते निराळे. हातातले शिळे झालेले! यंत्र तक्रार करून थांबते.

यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे 'पाच सेकंद झोप' असे यंत्राला सांगणे. जाळे मंद असले तर पाच पुरत नाहीत, जलद असले तर वाया जातात. रात्रभर शेकडो परीक्षा चालतात, सकाळी तीन नापास. पुन्हा चालवाव्या तर पास! मग लांडगा आला रे आला, तशी गत होते. लाल खुणेकडे कोणी पाहीनासे होते आणि एक दिवस गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापणारी खरी चूक त्याच लाल खुणेआडून निसटते.

खरा उपाय मोठा गमतीचा आहे. जुन्या पानावरची एक वस्तू मुद्दाम धरून ठेवायची आणि ती शिळी होण्याचीच वाट पाहायची. ती तक्रार म्हणजेच नवे पान येऊ लागल्याची वर्दी! मग हवी ती वस्तू नव्याने शोधायची; ती दिसेपर्यंत थांबायचे, अर्थात मुदत घालून. काहीजण परीक्षेपुरते ताजे होणेच बंद ठेवतात. मला ते पटत नाही. गिऱ्हाइकापुढे येणारे पान काही थांबत नाही.

२०१८ च्या जूनमध्ये त्याच कन्सॉर्शियमने वेबड्रायव्हरला प्रमाण मानले, आणि या शिळेपणाच्या तक्रारीलाही त्यात स्वतःचे नाव मिळाले. तरी नव्याने लागलेल्या पोरांच्या लिखाणात 'पाच सेकंद झोप' हटकून सापडते. मी आधी तेवढीच ओळ खोडायला लावतो.