इटलीचे ताट : उपवास आणि उपासमार

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे रोम, असिसी, पादुआ अशी यात्रा करून येतात. आल्यावर महामंदिरांची आणि संतांच्या समाध्यांची वर्णने होतात आणि मग हमखास विषय निघतो तो तिथल्या जेवणाचा. रोज पास्ता, रोज पिझ्झा, भाताचे दर्शन नाही, अशी तक्रार कानी येते. यात्रेच्या ठरीव भोजनावरून असा ग्रह झाला तर त्यात नवल नाही. वस्तुतः युरोपीय संघात सर्वाधिक तांदूळ पिकतो तो इटलीतच. आणि ज्या पादुआत आपण संत अंतोनीच्या समाधीपुढे हात जोडतो, त्या पादुआच्या पंचक्रोशीतील शेतमजूर सव्वाशे वर्षांपूर्वी पास्त्यावर जगत नव्हता. त्याच्या ताटात सकाळ-संध्याकाळ मक्याच्या पिठाची घट्ट उकड असे.

‘इटालियन जेवण’ हा शब्दप्रयोगच मुळात अलीकडचा आहे. इटलीचे राज्य स्थापन झाले १८६१ मध्ये. रोम त्यात आले १८७० मध्ये. तोपर्यंत त्या भूमीवर अनेक राज्ये होती. मध्यभागी पोपमहोदयांची संस्थाने, दक्षिणेला नेपल्सचे राज्य, ईशान्येला ऑस्ट्रियाचा अंमल. नाणी निराळी, मापे निराळी, बोली तर इतक्या निराळ्या की तुरिनचा माणूस पालेर्मोत मुका ठरावा. चुलीही साहजिकच निराळ्या होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाककलेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश झाला. हा बहुमान योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी ही पाककला घडविली, त्यांनी ती बव्हंशी हौसेने घडविलेली नाही. या ताटाचा इतिहास दोन शब्दांभोवती फिरतो : उपवास आणि उपासमार. पहिला स्वेच्छेने करावयाचा असतो. दुसरी लादली जाते. इटलीच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालो, तर या दोन्हींच्या खुणा प्रांताप्रांतांत भेटतात.

आरंभ व्हेनेतो प्रांतातूनच करू. त्या उकडीला तेथे पोलेंटा म्हणतात. तांब्याच्या हंड्यात पाणी उकळायचे, त्यात पिठाची धार सोडायची आणि लाकडी दांड्याने पाऊण तास अखंड घोटायचे. मग तो पिवळाधमक गोळा लाकडी पाटावर ओतून दोऱ्याने कापायचा. पोलेंटा हा प्रकार मक्याहून जुना आहे. पूर्वी तो बाजरीसारख्या बारीक धान्यांचा, कुट्टूचा, डोंगराळ भागात चेस्टनटच्या पिठाचाही होत असे. मका अमेरिकेतून आला, सोळाव्या शतकात व्हेनिसच्या मुलखात रुजला आणि पुढील दोन शतकांत त्याने इतर धान्यांना शेताबाहेर घालविले. इटालियन भाषेत त्याचे एक नाव ‘ग्रानोतुर्को’, म्हणजे तुर्की धान्य. तुर्कस्थानाशी त्याचा संबंध नाही. परका एवढाच त्या नावाचा अर्थ.

मका बिघ्याला भरपूर उतरे. जमीनदारांच्या हे लगेच ध्यानात आले. खंड गव्हात घ्यायचा आणि कुळाने मका खायचा, अशी वाटणी रूढ झाली. गहू पिकविणाऱ्याच्या घरात गव्हाचा पाव नाही, ही विसंगती त्या काळी कोणाला खटकल्याचे फारसे दिसत नाही. पोप तेविसावे जॉन यांचा जन्म १८८१ मध्ये बेर्गामोजवळील सोत्तो इल मोन्ते या खेड्यात एका अर्धेलीने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. बालपणी घरच्या ताटात पाव नसे, पोलेंटाच असे, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. व्हेनेतोत तर असेही सांगतात की, टेबलावर दोरीने एक खारा मासा टांगलेला असे आणि घरातील प्रत्येकाने आपला पोलेंटाचा तुकडा त्यावर घासून खायचा. चवीपुरता मासा, पोटाला मका.

या एकसुरी आहाराने रोग आणला. हातापायांची व मानेची कातडी उन्हाने भाजल्यासारखी काळवंडून सोलू लागे, मग हगवण लागे, शेवटी बुद्धिभ्रम होऊन मृत्यू येई. मिलानचे वैद्य फ्रांचेस्को फ्रापोल्ली यांनी १७७१ मध्ये या रोगाला लोकांच्या तोंडचे नाव दिले : पेलाग्रा, खरखरीत कातडी. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये आल्प्स उतरून इटलीत शिरला, तेव्हा वाटेवरच्या खेड्यांतील स्त्रियांची रोगट कांती त्याला दिसली आणि त्याने तिचा दोष मक्याच्या व कुट्टूच्या पोलेंटाला दिला. कवीची नजर येथे अनेक वैद्यांपेक्षा तीक्ष्ण ठरली असे म्हणावे लागेल. पुढील शतकात व्हेनिसच्या सान सेर्वोलो बेटावरील वेड्यांच्या रुग्णालयात पेलाग्राने भ्रमिष्ट झालेले शेतकरी दाखल होत राहिले. १८८० च्या सुमारास सरकारी गणनेत या रुग्णांची संख्या लाखाच्या घरात गेली.

खरे दुःख पुढेच आहे. मेक्सिकोतील आदिवासी हजारो वर्षे मका खात आले, पण त्यांना हा रोग सहसा होत नसे. ते मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मगच दळीत. त्यामुळे धान्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व मोकळे होते. युरोपीयांनी बियाणे नेले. मक्याच्या मूळ मालकिणींचे, म्हणजे तेथील बायकांचे, शहाणपण नेले नाही. त्यांना विचारावे असे कोणाला वाटलेच नाही. इटलीतील पंडित दीर्घकाळ वाद घालीत बसले. चेझारे लोम्ब्रोझो यांचा दावा होता की रोग बुरसटलेल्या मक्याने होतो. १९०२ चा पेलाग्राविरोधी कायदा याच समजुतीवर आधारलेला होता. तरी त्याच्या आश्रयाने रुग्णांना चांगले जेवण मिळू लागले आणि गुण आला तो त्या जेवणाने. नेमके कारण कळायला १९३७ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत कॉनराड एल्व्हेजेम यांनी हा दोष दूर करणारे द्रव्य ओळखले.

हे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गोरगरिबांतही पेलाग्रा आढळला आणि हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोष मक्याचा वा ज्वारीचा नव्हे. त्या भाकरीबरोबर ताटात दुसरे काहीच नसण्याचा होता.

नव्या इटालियन राज्याने या दारिद्र्यात भर घातली. १ जानेवारी १८६९ पासून दळणावर कर बसला. गिरणीत धान्य नेले की कर द्यायचा! ठिकठिकाणी दंगली झाल्या, माणसे मारली गेली. कर पूर्णतः रद्द व्हायला १८८४ उजाडले. मग लोकांनी गावे सोडली. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख इटालियनांनी देशांतर केले. व्हेनेतोतील खेडीच्या खेडी ब्राझीलला गेली आणि रिओ ग्रांदे दो सुलच्या डोंगरांत आजही पोलेंटा शिजतो. तेथे तो आता सणाचा पदार्थ आहे.

त्याच व्हेनेतोत उपवासाचाही एक पदार्थ आहे. पूर्वी ख्रिस्तसभेचे प्रायश्चित्तकाळाचे नियम फार कडक होते. मांसच नव्हे, अंडी, दूध, लोणी, चरबी हे सारे वर्ज्य असे. दक्षिणेत ऑलिव्हचे तेल मुबलक; उत्तरेत स्वयंपाक लोण्यात आणि डुकराच्या चरबीत चाले, तेव्हा तेथील गृहिणीला उपवासकाळ अधिकच जड जाई. समुद्रापासून दूर मासा तरी कोठून आणायचा? व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी १४३१ मध्ये क्रीटहून मद्याची पिंपे घेऊन फ्लँडर्सला निघाला, वादळात सापडला आणि वाचलेल्या मोजक्या खलाशांसह जानेवारी १४३२ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोतेन बेटांना लागला. तेथील कोळ्यांनी त्यांना सुमारे तीन महिने आसरा दिला. त्या लोकांच्या साध्या, सचोटीच्या ख्रिस्ती जीवनाने तो भारावून गेला. त्याने तेथे कॉड मासा मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडासारखा कडक वाळविलेला पाहिला. आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात, त्याचाच हा थंड हवेतील भाऊ. पुढे हा वाळला मासा उत्तर इटलीच्या उपवासाचा आधार बनला. विचेन्झा शहरात तो भिजवून, कुटून, दुधात आणि तेलात तासन् तास मंद आचेवर शिजवितात आणि पोलेंटाबरोबरच वाढतात. उपवासाचे नियम सैल होत गेले, तसा दुधाचा शिरकाव झाला असावा.

श्रीमंतांचा उपवास मात्र वेगळा होता. पोप पायस पाचवे यांचे आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी यांनी १५७० मध्ये पाककलेवर मोठा ग्रंथ छापला. त्यात सामान्य दिवसांच्या आणि उपवासाच्या दिवसांच्या मेजवान्यांच्या याद्या आहेत. आणि उपवासाच्या याद्या वाचताना तोंडाला पाणी सुटते! संत पायस स्वतः विरक्त वृत्तीचे. त्यांच्या स्वयंपाकघरात स्काप्पी यांच्या कलेला फारसा वाव मिळाला नसावा.

लोम्बार्दी आणि पिएमोन्तेत भात आहे. मिलानच्या ड्यूकच्या १४७५ मधील एका पत्रात तांदळाचा उल्लेख येतो. मिलानच्या केशरी रिसोत्तोची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु वेर्चेल्लीच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून बेणणी करणाऱ्या ‘मोंदिने’ स्त्रियांची कथा आपल्या शेतकरी भगिनींना अधिक जवळची वाटेल. हंगामात त्या दूरदूरहून येत, हिवतापाने आजारी पडत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी संप करून आठ तासांचा दिवस मिळविला, तोही इटलीतील इतर बहुसंख्य कामगारांच्या आधी.

नेपल्सचे रहिवासी सोळाव्या शतकापर्यंत ‘पालाखाऊ’ म्हणून ओळखले जात. कोबी आणि थोडे मांस हे त्यांचे अन्न. शहराची वस्ती वाढली, मांस परवडेना आणि कणीक मळण्याची व दाबून शेवया पाडण्याची यंत्रे आली. मग तेच लोक ‘माकरोनीखाऊ’ ठरले. रस्त्यावर उभ्याने, हातांनी, वर नुसते किसलेले चीज घालून ते खात. टोमॅटो आला खूप उशिरा. मात्तिओली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४४ मध्ये त्याची नोंद केली. पण पास्ता आणि टोमॅटो यांची सोयरीक छापील पाकपुस्तकांत दिसते ती एकोणिसाव्या शतकात. मार्को पोलोने चीनहून पास्ता आणला, ही तर निव्वळ दंतकथा. तो जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी, ११५४ मध्ये, अरब भूगोलवेत्ता अल्-इद्रीसी याने सिसिलीच्या राजासाठी लिहिलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळील त्राबिया येथे शेवया तयार होऊन जहाजांनी ख्रिस्ती व मुस्लिम मुलखांत जात असल्याचे नमूद केले आहे.

सिसिलीतच १९ मार्चला संत योसेफाचे ‘मेज’ मांडतात. दुष्काळातून वाचविल्याबद्दल संतांना केलेला तो नवस, अशी तेथील परंपरा सांगते. सालेमी गावात फुले, पक्षी, सुताराची हत्यारे अशा आकारांचे कलाकुसरीचे पाव घडवून वेदी सजवितात. सण प्रायश्चित्तकाळात येतो म्हणून मेजावर मांस नसते. आणि पहिले पान वाढले जाते ते पवित्र कुटुंबाच्या रूपाने बसविलेल्या गावातील गरिबांना वा मुलांना. उपवास आणि उपासमार यांची आठवण एकाच मेजावर अशी एकत्र आलेली दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

एवढ्या निरनिराळ्या चुलींना एका पुस्तकात आणण्याचा उद्योग केला पेल्लेग्रीनो आर्तुसी या व्यापाऱ्याने. जन्म १८२० मध्ये रोमान्या प्रांतातील फोर्लिम्पोपोली गावी. जानेवारी १८५१ मध्ये दरोडेखोरांनी त्या गावच्या नाट्यगृहात प्रेक्षकांना कोंडून गाव लुटले. आर्तुसींचे घरही त्यातून सुटले नाही आणि कुटुंब फ्लॉरेन्सला गेले. सत्तरी उलटल्यावर त्यांनी पाककलेवर पुस्तक लिहिले. प्रकाशक मिळेना, तेव्हा १८९१ मध्ये स्वखर्चाने हजार प्रती छापल्या. गावच्या एका धर्मादाय सोडतीत त्यांनी दोन प्रती बक्षीस म्हणून धाडल्या, तर विजेत्यांनी त्या तंबाखूच्या दुकानात विकल्या! ही फजिती त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदविली आहे. पुढे मात्र घरोघरच्या स्त्रियांची पत्रे येऊ लागली, पाककृती येऊ लागल्या आणि पहिल्या आवृत्तीतील ४७५ कृतींच्या अखेरीस ७९० झाल्या. फ्रेंच शब्दांनी बुजबुजलेल्या पाकशास्त्राला त्यांनी स्वच्छ इटालियन भाषा दिली. त्यांचे ताट मध्यमवर्गाचे होते आणि रोमान्या-तोस्कानाकडे झुकलेले होते, हे खरे. दक्षिणेला त्यात थोडी जागा आहे. उपाशी शेतमजुराला त्याहून थोडी.

पाककृतींची परीक्षा आर्तुसींच्या फ्लॉरेन्सच्या घरात होई. चुलीपुढे असत मारिएत्ता साबातिनी आणि फ्रांचेस्को रुफिल्ली, त्यांचे दोन सेवक. मारिएत्ताच्या हातच्या एका केकला त्यांनी पुस्तकात तिचेच नाव दिले. आर्तुसी अविवाहित होते. १९११ मध्ये ते निवर्तले, तेव्हा मृत्युपत्रानुसार त्या पुस्तकाचे हक्क या दोघांना मिळाले.