पेटीविना संगणक: लाकूड, लेगो आणि बूच

संगणकाच्या इतिहासात प्रोसेसर आणि मेमरीला भरपूर जागा मिळते, कॅबिनेटला फारशी मिळत नाही. या टिपणात आपण कॅबिनेटकडेच पाहणार आहोत. त्याची कामे साधारण चार: सुटे भाग घट्ट धरून ठेवणे, गरम हवेला वाट देणे, शॉर्ट सर्किट आणि विजेचा धक्का टाळणे, आणि आतल्या रेडिओ लहरी बाहेर जाऊ न देणे. तयार कॅबिनेट न वापरता हाताशी असेल त्यात संगणक बसवणाऱ्यांनी यातले काय राखले आणि काय सोडले, हा आपला प्रश्न.

सुरुवात १९७६ पासून करू. स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी रचलेला ॲपल-१ हा नुसता एक बोर्ड होता. कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू येथे पॉल टेरेल यांचे ‘बाइट शॉप’ नावाचे दुकान होते. त्यांनी प्रत्येकी ५०० डॉलर दराने ५० नग मागवले. त्यांना हवे होते ते वापरायला तयार यंत्र. हाती आले ते भाग जोडलेले बोर्ड. किरकोळ किंमत ६६६.६६ डॉलर. त्यात ६५०२ प्रोसेसर आणि ४ किलोबाइट मेमरी मिळे. कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर, पडदा आणि पेटी हे सगळे ग्राहकाने बघायचे. असे सुमारे २०० बोर्ड तयार झाले.

मग काही ग्राहकांनी लाकडी पेट्या केल्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या नगाला अशीच पेटी आहे आणि तिच्यावर कंपनीचे नाव कोरलेले आहे. लाकूड वाईट निवड नव्हती. ते कापायला सोपे, शिवाय विजेचे दुर्वाहक, त्यामुळे बोर्ड त्याला टेकला तरी बिघडत नाही. पण लाकूड उष्णताही वाहून नेत नाही, आणि ॲपल-१ चे व्होल्टेज रेग्युलेटर चांगलेच तापत. म्हणजे पेटी पूर्ण बंद करून चालणार नव्हते. चौथ्या कामाच्या बाबतीत तर लाकूड असून नसून सारखेच.

पुढे हे चौथे काम कायद्याने सक्तीचे झाले. घरगुती संगणकांमुळे शेजारच्या टीव्हीवर मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९७९ मध्ये अशा लहरींवर मर्यादा घातली. प्लॅस्टिकच्या पेटीतला टीआरएस-८० मॉडेल १ या मर्यादेत बसला नाही आणि १९८१ मध्ये त्याची विक्री थांबली. अटारी ८०० च्या आत मात्र ॲल्युमिनियमचे जाड ओतीव कवच होते.

इथे एक आठवण सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने रास्पबेरी पाय स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवला. खाली रबर लावले, भोके पाडली, काम सुबक झाले होते. सादरीकरणाच्या दिवशी झाकण लावले आणि वाय-फाय गेले! झाकण उघडले की परत येई. ढालीचा नियम मी वर्गात दोन तास शिकवला होता. डब्याने तो दोन मिनिटांत शिकवला.

आता गूगलकडे वळू. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी प्रत्येकी ४ गिगाबाइटच्या दहा हार्ड डिस्क एकत्र ठेवायला लेगोच्या ठोकळ्यांची चौकट केली. तिचे काम फक्त डिस्क धरून ठेवण्याचे. खरे धाडस पुढचे, १९९९ चे. तेव्हा डेटा सेंटरचे भाडे जागेच्या क्षेत्रफळावर ठरे, त्यामुळे कमी जागेत जास्तीत जास्त संगणक कोंबणे फायद्याचे होते. गूगलने कॅबिनेटच काढून टाकले. एका ट्रेवर बुचाचा थर आणि त्यावर चार उघडे मदरबोर्ड. बोर्डाखालची टोके धातूला टेकू नयेत म्हणून बूच. चौघांना मिळून एकच पॉवर सप्लाय, म्हणजे एक बोर्ड बदलायचा तर चारही बंद.

असे संगणक वरचेवर बंद पडत, आणि ते बंद पडणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होते. विश्वासार्हतेची जबाबदारी त्यांनी सॉफ्टवेअरवर टाकली: तीच माहिती अनेक यंत्रांवर ठेवायची, एक गेले की दुसऱ्याने उत्तर द्यायचे. गूगलच्या फाइल सिस्टिमवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात भाग बिघडणे हा अपवाद नसून नेहमीची गोष्ट आहे, हेच गृहीत धरले आहे. माझ्या मते त्या निबंधाची मुळे या बुचाच्या ट्रेमध्ये शोधायला हरकत नाही. अर्थात ही युक्ती शेकडो यंत्रे असणाऱ्यालाच परवडते. ज्याच्याकडे एकच संगणक आहे, त्याने बुचावर बोर्ड ठेवून सॉफ्टवेअरकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

त्यातला एक रॅक आज कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये पाहायला मिळतो. हे संग्रहालय माउंटन व्ह्यू येथेच आहे, टेरेल यांच्या दुकानाच्या गावी.