खुंट, कणा आणि दुसरी वाट

मजूर संघटनेत आयुष्य घातलेल्या माणसाने संगणकांच्या जाळ्याचा इतिहास सांगायला उभे राहावे, हे जरा चमत्कारिक दिसते खरे. पण या विषयाकडे आम्हांला एका मजुरानेच ओढले. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेने केबलचे चर खणणाऱ्या गड्यांची मजुरी थकली होती आणि ते प्रकरण आमच्याकडे आले. मजुरीचे काय झाले ही वेगळी कथा आहे. ती आज नको. परंतु त्या गड्यांतील एकाने बोलता बोलता विचारले, "दादा, वडशाकडची तार तुटली की रेशनच्या यंत्रावर अंगठा लागत नाही. मग कोरचीकडून का नाही आणत?" आम्ही गप्प बसलो. आमची शाळा आठवीत सुटली. पुढची विद्या संघटनेच्या कचेरीतल्या जुन्या कपाटातली. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्या मुलखातलीच एक गोष्ट सांगतो. तीसएक वर्षांपूर्वी, गावोगाव फोन नव्हते तेव्हा, तेंदूपत्त्याच्या हंगामात कोणत्या गावची फळी चालू आणि कोणती बंद ही बातमी आम्ही तोंडोतोंडीच चालवीत असू. एकदा एका गावची फळी बंद पडली. शेजारच्या गावाने पलीकडच्या गावाला विचारले, तर उत्तर आले, "चालू आहे असे आमच्या कानी आहे." आता ते त्यांच्या कानी घातले होते कोणी? विचारणाऱ्या गावानेच, दोन दिवसांपूर्वी! बंद पडलेली फळी या दोन गावांच्या बोलण्यात आणखी चार दिवस चालू राहिली आणि बायाबापड्या डोक्यावर पत्त्याचे गठ्ठे घेऊन व्यर्थ चालल्या.

अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट नावाचे जाळे सुरू झाले, त्याची चूक हुबेहूब हीच होती. प्रत्येक ठाण्यावरचे यंत्र आपल्या शेजाऱ्याला सांगे की अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे; शेजारी त्यात आपले अंतर मिळवून पुढे सांगे. रस्ता कोणी पाहिलेला नसे. चांगली बातमी झपाट्याने पसरे. वाईट बातमी मात्र दोन शेजाऱ्यांमध्ये घुटमळत राही आणि माल गोल गोल फिरे.

आम्ही पुढच्या हंगामात रीत बदलली. प्रत्येक गावाने फक्त स्वतःच्या फळीची हकीकत लिहावी, चिठ्ठीवर अनुक्रमांक घालावा, ती चिठ्ठी आहे तशी सर्व गावांना फिरवावी आणि कोठे जायचे ते ज्याने त्याने सगळ्या चिठ्ठ्या समोर ठेवून ठरवावे. यात आमची काही थोर बुद्धी नव्हती. मार खाल्ल्यावर सुचते तेवढेच सुचले होते. अर्पानेटवर हाच फेरपालट १९७९ साली झाला. जॉन मॅक्क्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी तो घडविला व १९८० साली त्यावर निबंध लिहिला. प्रत्येक यंत्र आपल्या दुव्यांची स्थिती तेवढी सांगणार, ती साऱ्या जाळ्यात पसरणार, आणि सर्वांच्या हाती एकच नकाशा राहणार. नकाशावरून जवळची वाट काढण्याची युक्ती हॉलंडच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ साली शोधून १९५९ साली छापली होती. आम्सटरडॅममध्ये एका कॅफेच्या सज्जात कॉफी पिताना, वीस मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय ती सुचली असे ते स्वतः सांगत.

नव्या रीतीलाही अनुक्रमांकानेच दगा दिला. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट कित्येक तास बंद पडले. चिठ्ठीवरचा क्रमांक ६३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येत असे. एका यंत्राच्या बिघाडामुळे एकाच ठाण्याच्या नावाने ८, ४० आणि ४४ अशा तीन क्रमांकांच्या चिठ्ठ्या फिरू लागल्या. चाळीसपेक्षा चव्वेचाळीस नवा, आठपेक्षा चाळीस नवा हे ठीक. पण चक्राच्या हिशेबाने चव्वेचाळीसपेक्षा आठही नवाच! तिन्ही चिठ्ठ्या एकमेकींना शिळ्या ठरवीत अखंड फिरत राहिल्या आणि यंत्रांना दुसरे काम करता येईना. रॅडिया पर्लमन या विदुषीने १९८३ साली यावर उपाय मांडला. पुढच्या रचनांत क्रमांक चक्राकार न ठेवता सरळ वाढता ठेवला गेला आणि प्रत्येक चिठ्ठीला वयाची मर्यादा पडली.

या साऱ्या अनुभवातून जॉन मॉय यांनी १९८९ साली ओएसपीएफ, म्हणजे 'ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट', ही पद्धती लिहून काढली. तिची दुसरी आवृत्ती १९९१ साली निघाली. १९९८ सालचा तिचा मसुदा २४४ पानांचा आहे. आम्ही तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. पुष्कळसा कळला नाही, पण एक गोष्ट स्वच्छ कळली: सर्वांनी सर्व जाणावे हे तत्त्व गोड असले तरी महाग आहे. यंत्रे शेकड्यांनी वाढली की नकाशा फुगतो, एक दुवा पडला की सर्वांना हिशेब नव्याने करावा लागतो, आणि त्या काळच्या राउटरची स्मरणशक्ती बेताचीच होती. म्हणून जाळ्याची क्षेत्रे पाडली. मध्यभागी क्षेत्र शून्य, म्हणजे कणा. बाकीची क्षेत्रे त्याला जोडलेली, आणि एका क्षेत्रातून दुसऱ्यात जायचे तर कण्यातूनच. वनखात्याच्या कारभाराशी परिचय असणाऱ्यांना हे नवे नाही. वनरक्षकाला आपल्या नियतक्षेत्रातला झाड न् झाड ठाऊक असावा. दुसऱ्या परिक्षेत्राची त्याने चिंता करू नये.

येथे एक गंमत आहे. क्षेत्राच्या आत खरा नकाशा; पण क्षेत्राक्षेत्रांत मात्र सीमेवरचा राउटर केवळ अंतरे सांगतो. म्हणजे हाकलून दिलेली तोंडोतोंडीची रीत सीमेवरून परत आलीच! ती गोल फिरू नये म्हणून तर सर्वांना कण्याशी बांधले.

क्षेत्राचे प्रकार हा या विद्येचा गाभा. साध्या क्षेत्रात बाहेरची प्रत्येक बातमी येते. दुसरा प्रकार स्टब. स्टब म्हणजे खुंट. तोडलेल्या सागाचा खुंट आपल्याला काय दाखवावा? अशा क्षेत्रात जाळ्याबाहेरच्या जगाचे तपशील येऊ देत नाहीत. 'बाहेर जायचे तर या दारातून' एवढी एकच पाटी असते. त्याहून कडक प्रकारात इतर क्षेत्रांचीही अंतरे अडवून केवळ पाटीच ठेवतात. सिस्को कंपनीने त्याला टोटली स्टबी म्हटले. शिवाय नियम असा की क्षेत्रातील प्रत्येक यंत्रावर 'आपण स्टब आहोत' हे लिहिलेले असले पाहिजे. एकावर लिहायचे राहिले तर त्याचे शेजारी त्याच्याशी संबंधच जोडत नाहीत, मग तार धडधाकट का असेना.

आमच्यातल्या काही तरुण कार्यकर्त्यांना यात टोकाच्या गावांना अडाणी ठेवण्याचा डाव दिसला. आम्हांला तसे वाटत नाही. टपालाचेच पाहा. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच संस्कृत पंडिताने पिनकोड आखला आणि तो १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झाला. मुंबईच्या छाननीदाराने ४४१ पाहावे आणि थैली विदर्भाकडे टाकावी. सती नदी कोणत्या बाजूने वाहते याची त्याला गरज नाही. न जाणण्यातही सोय असते. ज्या गावाला एकच वाट आहे त्याला साऱ्या जगाचा नकाशा देऊन ते करणार काय?

पण टोकाच्या गावालाही कधी स्वतःचे काही सांगायचे असते, आणि स्टबला तेही बंद होते. बाहेरची जोडणी आपल्या अंगावर घेणे त्याला मना. अमेरिकेत प्रादेशिक जाळ्यांना टोकाशी जोडलेल्या संस्थांची स्वतंत्र जाळी होती. त्यांना स्टब करावे तर ती जाळी कोणाला दिसेनात. साधे ठेवावे तर जगाचा भार त्यांच्या माथी. १९९४ साली रॉब कोल्टन व व्हिन्स फुलर यांनी तोड काढली आणि तिचे नाव 'नॉट सो स्टबी एरिया', म्हणजे अगदीच खुंट नव्हे असे क्षेत्र! त्यात बाहेरचा भार आत येत नाही, पण आतले म्हणणे खास चिठ्ठीवर सीमेपर्यंत जाते, आणि तेथला राउटर ती सर्वांना समजेल अशा नमुन्यात उतरवून पुढे पाठवितो. आम्हांला हा साऱ्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा टप्पा वाटतो, त्याचे नाव कितीही ओबडधोबड असो.

आता त्या गड्याच्या प्रश्नाकडे येतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट. तिच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठाण्यापासून फांद्यांसारख्या तारा निघाल्या. फांदी तुटली की पान सुटले. तेथे राउटरची हुशारी काय कामाची? दुसरी तारच नाही तर वळणार कोठे? ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. तीत २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती फांदीऐवजी कड्यात गुंफायचे ठरले. कडे एका जागी तुटले तर उलट दिशेने जाता येते, आणि क्षेत्राच्या आतला नकाशा सर्वांपाशी असल्यामुळे हे वळण यंत्रे आपली आपण घेतात, मग क्षेत्र स्टब असले तरीही.

खरा प्रश्न दोन दारांचा. समजा, एखाद्या क्षेत्राला वडशाकडे एक दार आणि कोरचीकडे एक. ते टोटली स्टबी ठेवले तर आतल्या राउटरपाशी दोन पाट्या असतात, अंतर एकीवरही नसते. तो जवळचे दार धरतो, मग जायचे ठिकाण दुसऱ्या दाराच्या उंबऱ्याशी का असेना. साधे स्टब ठेवले तर इतर क्षेत्रांची अंतरे आत येतात आणि त्याला निवड करता येते. आणि उद्या एखाद्या गावी उपग्रहाची वेगळी जोडणी बसून ती सर्वांना खुली करायची झाली, तर कोल्टन-फुलरांच्या प्रकाराखेरीज, नाही तर क्षेत्र साधे केल्याखेरीज, गत्यंतर नाही. मॉय यांच्या काळी स्मरणशक्तीचे दारिद्र्य होते, म्हणून खुंट करणे भाग पडले. आजच्या राउटरला ते दारिद्र्य नाही. तरी जुना आराखडा पाहून नवा आराखडा उतरविण्याची सवय खात्याखात्यांत आहे, आणि एक वाट होती तेव्हाचा प्रकार दोन वाटा झाल्यावरही तसाच राहून जातो.

एवढे सारे आम्ही त्या गड्याला पुन्हा भेटल्यावर सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "तो प्रकार लिहितो कोण?" आम्ही म्हणालो, जाळ्याच्या केंद्रात बसलेला अभियंता, प्रत्येक यंत्रात एकेक ओळ. "मग दुसऱ्या वाटेचा चर खणून झाला," तो म्हणाला, "की त्याला कळवायचं कोणी?"