पाण्याने सांगितलेले वजन



उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री अंगणात आले, की उत्तरेला सप्तर्षी दिसतात. त्यांच्याजवळ श्यामशबल तारकासमूहात एक दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. मेशँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने ती १७८१ साली दुर्बिणीतून पाहिली. यादीतले तिचे नाव एनजीसी ४२५८. तिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे अडीच कोटी वर्षे लागतात. इतक्या लांबच्या दीर्घिकेच्या पोटात काय दडले आहे, ते माणसाला कसे कळले याची ही हकीकत.

१९४३ साली अमेरिकेत कार्ल सेफर्ट यांनी काही वेगळ्याच दीर्घिकांचे वर्णन केले. त्यांचे मध्य फार तेजस्वी होते आणि तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होता. अशा दीर्घिकांना आज सक्रिय दीर्घिका म्हणतात. पुढे तर्क निघाला, की मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असावे आणि त्यात पडणारा वायू तापून झळाळत असावा. तर्क ठीक, पण कृष्णविवरातून प्रकाशच बाहेर येत नाही. मग साक्ष द्यायची कोणी?

साक्ष दिली पाण्याने. होय, पाण्यानेच! अंतराळातल्या उबदार ढगांत पाण्याची वाफ असते. तिचे रेणू सव्वा सेंटिमीटरहून थोड्या लांब रेडिओ लहरी सोडतात. कधी कधी एका रेणूची लहर पुढच्याला जागी करते, तो तीच लहर सोडतो, आणि भजनात एकाने उचललेला सूर साऱ्यांनी धरावा तसा आवाज वाढत जातो. याला मेसर म्हणतात. १९६९ साली टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच आकाशगंगेत पाण्याचा मेसर शोधला. १९८४ साली तो एनजीसी ४२५८ मध्येही सापडला.

आधीच्या लोकांनी वेगाचा छोटा पट्टाच तपासला होता. जपानमधील नोबेयामा येथे नाकाई आणि सहकाऱ्यांनी रुंद पट्टा तपासला. १९९३ साली त्यांनी जाहीर केले, की दीर्घिकेच्या स्वतःच्या वेगाच्या दोन्ही बाजूंना, सुमारे हजार किलोमीटरच्या फरकाने, आणखी सूर आहेत. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच आणि दूर जाणाऱ्या गाडीची खाली, तसेच हे. म्हणजे पाणी कशाभोवती तरी गरगरत होते!

१९९५ साली अमेरिकेतील दहा तबकड्यांच्या जाळ्याने त्या चकतीचा नकाशा काढला. आतल्या कडेला वेग सेकंदाला सुमारे १०८० किलोमीटर, दुप्पट अंतरावरच्या बाहेरच्या कडेला सुमारे ७७०. गुरुजी, हे आकडे फळ्यावर मांडा. वेगाचा वर्ग करून अंतराने गुणा, दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी येतात. हा केप्लरचा नियम. सूर्याभोवतीचे ग्रह तोच पाळतात. त्यावरून मधल्या वस्तूचे वजन निघाले: सुमारे चार कोटी सूर्यांइतके! आणि एवढे वजन अर्ध्या प्रकाशवर्षाहून कमी अंतराच्या आत. इतकी दाटी ताऱ्यांची असती तर ती फार काळ टिकली नसती. म्हणून कृष्णविवराखेरीज दुसरे उत्तर पटत नाही.

दुसरा साक्षीदार क्ष-किरण. ते वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून उपग्रह लागतो. १९९३ साली सोडलेल्या जपानच्या आस्का उपग्रहाने याच दीर्घिकेच्या मध्यातून येणारे क्ष-किरण टिपले. दवाखान्यातल्या फोटोत हाड किरण अडवते, तसे इथे मऊ किरण वाटेतल्या वायूने अडवले होते आणि कठीण तेवढे पार झाले होते. म्हणजे मध्य वायूच्या आड होता. पाण्याचा नकाशाही तेच सांगतो: ती चकती आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते. शिवाय क्ष-किरणांनीच चकतीतला वायू तापवून पाण्याला बोलते केले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

मात्र प्रत्येक सक्रिय दीर्घिकेत असा मेसर ऐकू येत नाही. चकती कडेवरून दिसावी लागते, तरच सूर आपल्याकडे वळतो. म्हणून हा योग मोलाचा.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला सप्तर्षी पाहाल, तेव्हा आठवा: ते कृष्णविवर कोणी पाहिले नाही, पाण्याच्या सुरावरून आणि शाळेतल्या एका नियमावरून त्याचे वजन झाले. मुलांनी विचारले, 'हे गणित कशाला शिकायचे?' तर ही हकीकत त्यांना सांगा.