व्यायामाची मात्रा आणि मल्लांचे श्रम

व्यायामाविषयीं आपल्या जुन्या ग्रंथांचें मत काय, असें विचारलें असतां ‘अर्धशक्ति’ हा एक शब्द पुढें करून बहुतेक जण मोकळे होतात. शब्द खरा आहे व जुनाहि आहे. परंतु त्याचा जो अर्थ लोकांत रूढ आहे तो असा कीं, शंभर जोर काढण्याची ज्याची ताकद असेल त्यानें पन्नास काढावे. संस्कृताचे शिक्षक या नात्यानें आम्हींहि हाच अर्थ विद्यार्थ्यांस अनेक वर्षें सांगितला. तो ग्रंथकारांस अभिप्रेत नव्हता, अशी आतां आमची खात्री झाली आहे. आणि आपली चूक आपणच दुरुस्त करावी हें बरें, म्हणून हा लेख.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत, चोविसाव्या अध्यायांत, हा विषय आला आहे. आत्महित इच्छिणाऱ्या मनुष्यानें सर्व ऋतूंत नित्य व्यायाम करावा, तो बलाच्या अर्ध्यानें करावा, तसें न केल्यास तो घातक होतो, असा विधि सांगून ग्रंथकार तेथेंच थांबत नाहीं. बलाचें अर्ध ओळखावें कसें, याचेंहि लक्षण तो देतो. व्यायाम करतां करतां हृदयस्थानीं असलेला वायु मुखाशीं येऊं लागला, म्हणजे बलार्ध झालें असें समजावें. येथें संख्या कोठेंच नाहीं. नाकावाटे चाललेला श्वास अपुरा पडून तोंड उघडण्याची वेळ येते, तो क्षण हीच मर्यादा, असा याचा सरळ अर्थ आम्हांस दिसतो. ही मर्यादा एकाच मनुष्यास हेमंतांत साठ जोरांनंतर येईल, आणि रात्रीं झोंप न लागलेल्या दिवशीं विसांतच येईल. वय, बल, शरीर, देश, काल व आहार हीं पाहूनच व्यायाम करावा, असें त्याच प्रकरणांत सांगितलें आहे, त्याची संगति या लक्षणाशींच लागते. जोरांच्या अर्ध्या गणतीशीं लागत नाहीं.

मग संख्येचा अर्थ आला कोठून? आमचा तर्क असा. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत, दुसऱ्या अध्यायांत, बलवान् व स्निग्ध भोजन करणाऱ्यांनीं शीतकालीं व वसंतांत अर्धशक्तीनें व्यायाम करावा आणि इतर काळीं त्याहून कमी, असें थोडक्यांत म्हटलें. तेथें लक्षण दिलेलें नाहीं. वाग्भटाचें वचन पाठांतरास सोपें, म्हणून तेंच सर्वतोमुखी झालें. लक्षण सुश्रुताच्या पोथींत राहिलें. शब्द प्रवासास निघाला आणि त्याचें माप घरीं विसरलें, असा हा प्रकार झाला असावा.

चरकाच्या सूत्रस्थानांतील सातवा अध्याय याहून अधिक विचार करावयास लावणारा आहे. शरीराची जी इष्ट चेष्टा स्थैर्य देते व बल वाढविते ती व्यायाम, आणि ती मात्रेनेंच करावी, अशी तेथील व्याख्या आहे. अतिव्यायामानें थकवा, तहान, खोकला, ज्वर, वांति, दमा इत्यादि विकार होतात, हें सांगून हत्तीस ओढूं पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत दिला आहे. आपल्या बळाबाहेर साहस करणारा तसाच एकाएकीं नाश पावतो. याच प्रकरणांत एक श्लोक असा आहे कीं, त्यांत व्यायाम झाल्याचीं लक्षणें मोजलीं आहेत : घाम येणें, श्वास वाढणें, अंग हलकें वाटणें, आणि हृदय आदि स्थानीं अवरोध जाणवणें. कांहीं छापील आवृत्तींत हा श्लोक कंसांत घातलेला आहे. म्हणजे ज्या वचनांत हृदयाचा प्रत्यक्ष निर्देश, तेंच वचन मूळचें कीं मागाहून घातलेलें, हा प्रश्न उभा राहतो. त्याचा निकाल छापील पुस्तकांवरून लागणार नाहीं.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या वैद्यांचें ‘हृदय’ आणि आजच्या शारीरशास्त्रांतील रक्त ढकलणारें स्नायूचें यंत्र, हीं सर्वस्वी एक नव्हेत. रक्ताभिसरणावरील हार्वेचा ग्रंथ १६२८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सिद्धांत सुश्रुतास अगोदरच ठाऊक होता असें म्हणणें अभिमानास गोड वाटलें तरी संशोधनास शोभत नाहीं. ग्रंथकारांनीं काय पाहिलें तेवढेंच म्हणावें. त्यांनीं घाम, श्वास व छातींत होणारी जाणीव हीं एकत्र पाहिलीं, आणि व्यायामाचें माप भुजदंडावर न ठेवतां तेथें ठेवलें. एवढेंहि थोडें नाहीं.

मात्रा अशी वैद्यांकडे मिळते. व्यायामाच्या प्रकारांची गणना मात्र त्यांच्या ग्रंथांत फारशी नाहीं. त्यासाठीं मल्लांच्या शास्त्राकडे जावें लागतें. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास ऊर्फ अभिलषितार्थचिंतामणि हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला; त्यांत शके १०५१ चा उल्लेख असल्यामुळें कालनिर्णयास अडचण पडत नाहीं. महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या ओव्यांचा निर्देश त्यांत असल्यामुळें तो आम्हां मराठी वाचकांस जिव्हाळ्याचा आहे. गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेला हा ग्रंथ गायकवाड प्राच्यमालेंत तीन भागांत १९२५, १९३९ व १९६१ या वर्षीं निघाला. त्यांतील मल्लविनोदांत मल्लांकडून करवावयाचे श्रम नांवनिशीवार दिले आहेत : भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम. वजन, चाल, पोहणें, हातांची झुंज आणि खांब. नुसत्या कुस्तीवर मल्ल तयार होत नाहीं, हें राजाच्या करमणुकीचें वर्णन करणाऱ्या ग्रंथालाहि सांगावेंसें वाटलें.

मल्लपुराणांत हा विस्तार आणखी वाढला आहे. गुजराथेंतील मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचें हें पुराण. देवी लिंबजा ही त्यांची उपास्य देवता. भोगीलाल सांडेसरा व रमणलाल मेहता यांनीं तें १९६४ सालीं त्याच प्राच्यमालेंत छापून प्रसिद्ध केलें. यांत श्रमांचे सोळा प्रकार येतात. प्रत्यक्ष कुस्तीचा रंगश्रम व खांबाचा स्तंभश्रम हे आहेतच. शिवाय गुरु गोणितक व लघु गोणितक अशीं उचलावयाचीं जड व हलकीं वजनें निरनिराळीं गणलीं आहेत, भ्रमणिका आहे, जलश्रम आहे, सोपानारोहण म्हणजे पायऱ्या चढणें आहे, आणि भोजनोत्तर फेरी मारण्यालाहि स्वतंत्र नांव आहे. ऊहापोह, म्हणजे डावपेचांची चर्चा, यालाहि या ग्रंथकारानें श्रमांत जागा दिली. पोथीवर मान मोडून बसणाऱ्या आमच्या मंडळींस एवढा एक श्रम तरी नित्य घडतो, हें समाधान आहे.

स्तंभश्रम म्हणजे आमचा मल्लखांबच, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. मल्लखांबाचा उद्धार दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं केला, ही परंपरा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यामागें सातशें वर्षांची वंशावळ जोडण्यापूर्वीं, खांबावर चढावयाचें कीं खांबाशीं झुंजावयाचें, हें प्रत्येक ग्रंथांत तपासलें पाहिजे. नांव एक म्हणून वस्तु एक, असें होत नाहीं. आपल्याकडील व्यायामप्रकारांची विपुलता ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत संपादिलेला व्यायामज्ञानकोश चाळावा.

आतां थोडें स्वतःविषयीं. तें सांगितल्यावांचून या अर्थशोधनाचें कारण कळणार नाहीं. आम्ही चाळीस वर्षें रोज सकाळीं ठराविक संख्येनें, सावकाश, नमस्कार घातले. दुसरा व्यायाम केला नाहीं. संख्या पुरी झाली कीं कर्तव्य पुरें झालें, अशी भावना होती. त्रेसष्टाव्या वर्षीं पर्वतीच्या पायऱ्या चढतांना अर्ध्या वाटेंत छातींत दडपण येऊन खालीं बसावें लागलें. दंड घट्ट होते, पाठ ताठ होती, दम मात्र नव्हता. तपासणींत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली. याचा सारा दोष व्यायामावर ठेवणें बरोबर नाहीं. वय व आनुवंशिकता यांचाहि त्यांत भाग असतो. डॉक्टरांनीं औषध दिलें, प्रकृति स्थिर झाल्यावर झपझप चालण्यास सांगितलें, आठवड्यांतून दोन दिवस हलकीं वजनें उचलण्यास सांगितलें, आणि उचलतांना श्वास कोंडूं नये अशी ताकीद दिली. कारण त्यानें रक्ताचा दाब एकाएकीं चढतो. किती चालावें, असें आम्हीं विचारलें. बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगानें, असें उत्तर आलें. तें ऐकतांच आम्हांस चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय आठवला, आणि घरीं येऊन प्रथम तो उघडला.

अर्वाचीन वैद्यकानें या दिशेनें मोजमाप केलें आहे. १९५३ सालीं जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तुलना करून असें दाखविलें कीं, दिवसभर बसून असणाऱ्या चालकांस हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार अधिक, आणि जिना चढउतार करणाऱ्या वाहकांस कमी होतो. मोढेऱ्याच्या मल्लांचें सोपानारोहण लंडनच्या वाहकांकडून नकळत घडत होतें! जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं सांगितलेली मर्यादा आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची आहे, आणि त्याशिवाय दोन किंवा अधिक दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम. दोन्ही सांगण्याचें कारण असें कीं, एकाचें काम दुसऱ्यानें पुरें होत नाहीं. चालण्यापोहण्यानें हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त ढकलूं लागतें व विश्रांतींतील नाडी मंदावते. वजन उचलण्यानें उतारवयांत झिजणारे स्नायु टिकतात.

मराठींत या पहिल्या गुणास ‘दमसास’ असा सुंदर शब्द आहे. दम आणि सास दोन्ही श्वासाचेच वाचक. कुस्ती लांबली म्हणजे ताकद कोणाची यापेक्षां दमसास कोणाचा हें पाहतात. तालमींतील बोलींत सुश्रुताचें माप असें जिवंत राहिलें, आणि आम्ही संस्कृत शिकलेले मात्र जोर मोजीत बसलों.

या कामीं पोथ्यांच्या संग्राहकांचें साहाय्य पाहिजे. ज्यांच्यापाशीं चरकाच्या सूत्रस्थानाची पोथी असेल त्यांनीं सातव्या अध्यायांत घाम, श्वास, अंगाचें लाघव व हृदयाचा अवरोध सांगणारा श्लोक आहे कीं नाहीं, मूळांत आहे कीं समासांत लिहिला आहे, हें पाहावें. मल्लांच्या घराण्यांतून किंवा तालमींतून एखादें जुनें बाड हातीं आल्यास त्यांत श्रमांचीं नांवें किती व कोणत्या क्रमानें आहेत, आणि स्तंभाशीं काय करावयाचें म्हटलें आहे, हेंहि पाहावें. पाठ कळवितांना पोथीचा लेखनशक, लेखनस्थल, पत्रसंख्या व शक्य असल्यास त्या पत्राचें छायाचित्र त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावें.