दिवस भरले, पण वेळ झाली का? प्रसूतीची चाहूल ओळखणाऱ्यांचा इतिहास

१/ धुळे–जळगाव रस्त्यावर पारोळ्याचा भुईकोट किल्ला उभा आहे. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी तो १७२७ साली बांधला, असे सांगितले जाते. हे नेवाळकरांचे गाव, आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे सासर याच नेवाळकर घराण्यातले. त्यामुळे पारोळ्याचे नाव निघाले की ओघाने तलवार, तोफ आणि १८५७ येतात. आजचा धागा मात्र वाड्यांच्या आणि झोपड्यांच्याही त्या अंधाऱ्या खोलीविषयी आहे, जिथे पुरुषांना प्रवेश नव्हता. बाळंतिणीच्या खोलीविषयी.

२/ ही खोली राजकारणापासून दूर होती, असे समजू नका. १८५१ मध्ये लक्ष्मीबाईंना पुत्र झाला आणि काही महिन्यांतच तो गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी आपल्याच नेवाळकर भाऊबंदांतला आनंदराव दत्तक घेतला, दुसऱ्या दिवशी ते वारले, आणि कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. एका तान्ह्या जिवाच्या असण्या-नसण्यावर एवढे अवलंबून असे.

३/ म्हणूनच राजघराण्यांतले जन्म काटेकोरपणे टिपले जात. शिवरायांच्या जन्माची जेधे शकावलीतली नोंद आठवा. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, आणि त्या नक्षत्राच्या घटी-पळांचे आकडेसुद्धा! जिजाऊंच्या उशाशी त्या दिवशी कोणती सुईण बसली होती, हे मात्र शकावली सांगत नाही. अशा नोंदींत सुईण सहसा नसतेच.

४/ गंमत पाहा. कुंडलीसाठी जोशी घटिकापात्र लावून बाहेर बसलेला. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे. पण बाळ नेमके कधी जन्मले, हे त्याला कळणार आतून हाक आली तरच. बाहेरच्या वेळेचे गणित जोशाच्या हाती, आतल्या वेळेचे सुइणीच्या हाती. पहिल्याचे ग्रंथ झाले. दुसरीचे ज्ञान बहुतांशी तिच्या हातांतच राहिले.

५/ ही 'आतली वेळ' पंचांगात सापडत नाही. नऊ महिने नऊ दिवस आपण सहज म्हणतो. वैद्यकाचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांचा. पण नेमक्या त्याच तारखेला जन्मणारी बाळे शंभरांत जेमतेम चार-पाच. बाकीच्यांसाठी शरीराच्या खुणाच वाचाव्या लागतात. त्या वाचण्याला आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे.

६/ सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला दहावा अध्याय उघडा. प्रसूती जवळ आली हे कसे ओळखावे? कूस सैल पडते, हृदयावरचे बंधन सुटल्यासारखे वाटते, जघनभागी दुखू लागते. पुढची पायरी म्हणजे प्रसूती अगदी दाराशी येणे: कंबर व पाठ यांत सर्व बाजूंनी वेदना, वारंवार शौचाला व लघवीला होणे, आणि योनिमुखातून चिकट स्राव.

७/ 'हृदयावरचे बंधन सुटणे' ही निव्वळ कविकल्पना नाही. बाळाचे डोके ओटीत उतरले की श्वासपटलावरचा दाब कमी होतो आणि गर्भवतीला मोकळा श्वास घेता येतो. पहिलटकरणीत हे बहुधा दोन-तीन आठवडे आधी घडते. आधी बाळंतपणे झालेल्या बाईत पुष्कळदा कळा सुरू होतानाच. आपल्या आज्या याला 'पोट उतरलं' म्हणत. चिकट स्राव म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी महिनोन्‌महिने बसलेला श्लेष्माचा बोळा सुटणे. तो सुटला तरी प्रसूती काही तासांत होईल किंवा काही दिवसांनीही.

८/ चरकसंहितेची यादी अधिक लांब आहे. गात्रे थकतात, चेहरा म्लान होतो, डोळे शिथिल होतात, अन्न नकोसे होते, खालचा भाग जड वाटतो, मग 'आवी' म्हणजे कळा, आणि त्यानंतर गर्भोदकाचा स्राव. चेहरा आणि डोळे यादीत आहेत, इकडे लक्ष द्या. ही बारकाई जवळ बसून पाहणाऱ्याचीच. माझे अनुमान असे की यादी लिहिली पुरुषांनी, पण त्यांना ती सांगितली असणार प्रसूतिगृहातल्या बायकांनी. चरकाने सूतिकागारात ज्या बायका असाव्यात म्हटले, त्या अनेकदा प्रसवलेल्या. सुश्रुताने सांगितलेल्या चौघी वयस्क, कुशल आणि नखे कापलेल्या. नखे कापलेल्या!

९/ चरकात एक रंगतदार वादही आहे. कळा सुरू झाल्या तरी प्रसूती होत नसेल, तर बाईला उठवून मुसळाने धान्य कांडायला लावावे, असा काहींचा सल्ला. भगवान आत्रेय तो साफ फेटाळतात. अशा नाजूक वेळी एवढे श्रम जिवावर बेततील. हवे तर तिने हिंडावे-फिरावे. आणखी एक ताकीद: कळ नसताना जोर लावू नये. अवेळी शिंक आणू पाहणाऱ्याला ती येत नाही, तसेच हे. सुश्रुताने तर अवेळी जोर लावण्याने बाळात व्यंगे येतात, असे म्हटले आहे. हे कारण आज टिकणार नाही. ताकीद मात्र टिकते. गर्भाशयाचे तोंड पुरते उघडण्याआधी जोर दिला तर आई थकते आणि ते तोंड सुजते.

१०/ आता ग्रंथांतून गावात येऊ. मराठीतला बाळंतपणाचा शब्दसंग्रह हाच एक दस्तऐवज आहे. 'वेणा' हा शब्द 'वेदना'तून आलेला. गर्भजलाची पिशवी म्हणजे 'पाणमोट'. विहिरीवर बैलांनी ओढलेली चामड्याची मोट पाहिलेल्या खान्देशी शेतकरणीला हा शब्द कुणी समजावून द्यावा लागत नसे. आणि सर्वांत भयंकर क्रियापद 'अडणे'. बाई अडली, एवढ्या दोन शब्दांवर घरातले सगळे उठून उभे राहत.

११/ सुईण काय करीत असे? पोटावर तळहात ठेवून बसे. पोट दगडासारखे घट्ट होते, सैल पडते, पुन्हा घट्ट होते. दोन कळांमधले अंतर कमी होते आहे का? कळ कमरेतून निघून पुढे येते का? अनेक सुइणी गरम पाण्याने अंघोळ घालीत, बाईला चालवीत. तेवढ्याने थांबल्या तर त्या खोट्या कळा. वाढतच गेल्या तर खऱ्या. आजच्या प्रसूतिविभागातही हाच निकष लावतात: नियमितपणा, वाढता जोर, विश्रांतीने न थांबणे.

१२/ जाता जाता : या 'खोट्या' कळांना इंग्रजी वैद्यकात जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या लंडनच्या डॉक्टराचे नाव आहे. त्याने १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले ते गर्भारपणाची खूण म्हणून, खोट्या कळा म्हणून नव्हे. सुइणींना त्या ठाऊक होत्याच. पण नाव राहिले ते छापणाऱ्याचे.

१३/ सुईण लिहीत का नव्हती? निरक्षरता हे अर्धेच उत्तर. जन्माचे सोयर दहा दिवसांचे. रक्त, नाळ, वार हे सगळे विटाळाचे. म्हणून महाराष्ट्रात अनेक गावी हे काम मांग, महार, न्हावी समाजांतील स्त्रियांकडे आले. जिच्या हातांत जीव सोपवायचा, तिच्याच स्पर्शाने घर विटाळायचे! ज्या ज्ञानाला समाज अस्पृश्य मानतो, त्याच्या पोथ्या होत नाहीत.

१४/ म्हणून सुईणीला देव्हाऱ्यात बसवायचे का? नाही. मळक्या विळ्याने नाळ कापणे, तिच्यावर राख-शेण लावणे, पोट दाबणे, हेही घडत होते. धनुर्वाताने बाळे आठवडाभरात जात. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले ते थेट २०१५ मध्ये. कळा ओळखण्यात सुईण वाकबगार होती. अडलेल्या बाईला सोडवण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते.

१५/ हे दोन्ही प्रवाह एका व्यक्तीच्या आयुष्यात एकत्र आले. आनंदीबाई जोशी, जन्म कल्याण, १८६५. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. दहा दिवसांत गेला. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी जगातला कोणताही विषय घेता आला असता. त्यांनी घेतला प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. हा योगायोग आहे, असे मला वाटत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात वारल्या. त्यांना रुग्णसेवा करायला वेळच मिळाला नाही.

१६/ त्याच सुमारास सरकारी हालचाल सुरू झाली होती. १८८५ मध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन फंड, १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय, १९०३ मध्ये लेडी कर्झन यांचा सुईण-प्रशिक्षणाचा निधी. तरी १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० मातामृत्यू होत असल्याचा, म्हणजे वर्षाला देशात दोन लाख बायका जात असल्याचा अंदाज दिला. याच समितीने प्रशिक्षित सुईण गावोगावी पोहोचेपर्यंत दाईलाच शिकवावे, असेही म्हटले. व्यवहारी सल्ला!

१७/ विसाव्या शतकात पोटावरच्या तळहाताची जागा कागदाने घेतली. न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून, गर्भाशयाचे तोंड तासागणिक किती सेंटिमीटर उघडते याचा आलेख मांडला. पण मला अधिक मोलाचे वाटते ते १९७२ चे ऱ्होडेशियातले काम. फिलपॉट आणि कासल यांनी त्याच आलेखावर दोन तिरप्या रेषा मारल्या : एक सावधतेची, दुसरी तिच्यापुढे चार तासांवर, कृतीची. दूरच्या दवाखान्यातल्या एकट्या परिचारिकेला कळावे की आता थांबायचे नाही, बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवायचे.

१८/ हा प्रश्न आफ्रिकेतल्या खेड्याचा, तसाच खान्देशचा. पारोळ्याला महामार्ग आहे. पण तापी ओलांडून उत्तरेला सातपुड्यात शिरा; तिथल्या कित्येक पाड्यांवरून आजही गर्भवतीला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते. शहरातल्या बाईने कळा पाच-पाच मिनिटांवर येईपर्यंत घरी थांबणे शहाणपणाचे असेल. झोळीच्या वाटेवरच्या बाईला तेवढी मुभा नाही. तिला पहिल्या खुणेलाच निघावे लागते.

१९/ १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी मातामृत्यूमागचे तीन विलंब मांडले : निघायचे ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. रस्ता आणि रुग्णालय हे सरकारचे काम. पहिला विलंब मात्र घरात घडतो. 'अजून वेळ आहे', 'सासूबाई येऊ दे', 'सकाळी बघू'. चरकाची यादी आणि सुइणीचा तळहात याच पहिल्या विलंबावरचे उपाय होते.

२०/ काही खुणांना कळांची वाट पाहायची नसते. पाणमोट फुटली आणि कळा नाहीत, तरी निघावे. पाणी हिरवट-काळपट असेल, ताजे रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झटके आले असतील, तर क्षणभरही थांबू नये. सदतीस आठवड्यांआधी नियमित कळा आल्या, तरीही तेच. धागा इतिहासाचा असला, तरी वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ताई-वहिनीचे दिवस भरत आले असतील.

२१/ २००५ पासून हे सांगायला गावात आशाताई आल्या, २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. राज्याचे मातामृत्यू प्रमाण २००१–०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ होते. २०१८–२० मध्ये ते ३३ वर आले. आलेखाचे शास्त्रही बदलले : तासाला एक सेंटिमीटर हा फ्रीडमनच्या काळापासूनचा दंडक प्रत्येक बाईला लावू नये, आणि प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. शरीराला त्याचा वेळ द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. आत्रेयांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

२२/ आणि नोंदीचे काय? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली भरायच्या जन्माच्या अर्जात सांख्यिकीसाठीचा एक भाग असतो. त्यात एक रकाना आहे : प्रसूतीच्या वेळी मदत कोणाची होती? शासकीय संस्था, खासगी संस्था, डॉक्टर-परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण, पारंपरिक दाई, नातेवाईक वा इतर. त्यांपैकी एक पर्याय निवडायचा असतो. नाव लिहायला जागा तिथेही नाही.