‘मोयामोया’ : एका व्याधिनामाचा इतिहास आणि आपल्या रोगसंज्ञा

अर्धे अंग निकामी होण्याच्या विकाराला मराठीत ज्या संज्ञा आहेत, त्यांची मुळे निरनिराळ्या दिशांना जातात. चरकाने चिकित्सास्थानातील वातव्याधीच्या अध्यायात ‘पक्षवध’ म्हटले, सुश्रुताने निदानस्थानात ‘पक्षाघात’; ‘पक्ष’ म्हणजे देहाची एक बाजू. ‘लकवा’ हा शब्द अरबी. मूळ भाषेत तो तोंड वाकडे होण्यापुरताच आहे, अर्धांगासाठी तेथे ‘फालिज’ हा स्वतंत्र शब्द आहे. मराठीत येताना त्याने ही मर्यादा सोडली. रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांतून ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात; हा शास्त्रातील वाताचाच लोकभाषेतील अवतार होय. या सर्व संज्ञांत एक गोष्ट समान आहे. वध, आघात, ‘गेलं’ : प्रत्येकीत घडून गेलेल्या, पुऱ्या झालेल्या घटनेचा निर्देश आहे. पाच-दहा मिनिटे हात लुळा पडला आणि पूर्ववत झाला, या अवस्थेला त्यांपैकी एकही शब्द लागू पडत नाही. ही उणीव केवळ कोशातील नव्हे, हे मोयामोया या व्याधीच्या इतिहासावरून ध्यानात येते.

मस्तकातील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरणचित्र घेण्याची रीत लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये सिद्ध केली. तिच्याच आधारे ताकेउची व शिमिझू या जपानी वैद्यांनी १९५७ मध्ये एका रोग्याच्या दोन्ही अंतर्मन्या धमन्या अरुंद झाल्याचे नोंदविले आणि ही धमन्यांची अपुरी वाढ होय, असे नाव दिले. नाव फसवे ठरले; कारण धमनी जन्मतः अपुरी नसून ती क्रमाक्रमाने बंद होत जाते. १९६८ मध्ये कुदो यांनी ‘विलिसच्या वलयाचा स्वयंभू अवरोध’ अशी अचूक पण लांबलचक संज्ञा सुचविली. पुढील वर्षी सेंदाई येथील सुझुकी व ताकाकू यांनी मात्र घरगुती बोलीतला शब्द उचलला. ‘मोयामोया’ म्हणजे धुरासारखे, धुक्यासारखे अस्पष्ट तरंगणारे. आपल्या ‘मिणमिण’, ‘लुकलुक’ यांच्याच जातीचा हा अभ्यस्त, अनुकरणवाचक शब्द. पंडिती संज्ञा मागे पडली आणि हा शब्द जगभर रूढ झाला, याचे भाषाभ्यासकाला कौतुक वाटावे.

परंतु त्यात एक गंमत आहे. चित्रात दिसणारा धूर हा रोग नव्हेच. मुख्य धमनी बुजत चालली की मेंदूच्या तळाशी असलेल्या बारीक वाहिन्या फुगून रक्ताची वाट काढतात. त्यांचे जाळे धुरासारखे दिसते. नाव पडले ते शरीराने केलेल्या डागडुजीवरून. सुझुकी यांनी सांगितलेल्या सहा अवस्थांपैकी अखेरच्या अवस्थेत हा धूर नाहीसा होतो, तेव्हा रोग बरा झालेला नसतो. तो पुरा झालेला असतो.

मुलांत हा विकार बहुधा पाच ते दहा वर्षांच्या सुमारास प्रकट होतो. मूल जोराने रडते, फुगा फुगवते, बासरी वाजवते. आणि हात गळतो, जीभ अडखळते. जपानी ग्रंथांत गरम शेवया फुंकून खाण्याचा दाखला येतो. आपल्या बाजूस गरम पेज फुंकणे किंवा फुंकणीने चूल पेटविणे हे त्याचेच रूप मानावयास हरकत नाही. वेगाने श्वास सोडल्यामुळे रक्तातील कार्बन डायॉक्साइड उतरतो, मेंदूतील वाहिन्या आकुंचन पावतात आणि जेमतेम चाललेला पुरवठा तेवढ्यापुरता तुटतो. श्वास स्थिरावताच हात हलू लागतो, आणि घरची माणसे नजर लागली असे समजून मीठ-मोहरी उतरून टाकतात. अशा वेळी ‘मुलाला कधी लकवा झाला होता का?’ असे विचारणाऱ्या वैद्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळणार, आणि भाषेच्या दृष्टीने ते खरेही असणार. ‘रडताना, फुंकताना हात लुळा पडतो का? कोणत्या बाजूचा?’ असे विचारले तर आई सांगेल. पुढची निश्चिती चुंबकीय अनुनादाच्या चित्राने व धमनीचित्रणाने होते.

प्रौढांत चाळिशीच्या आसपास दुसरा उठाव दिसतो. जपानी प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांत नाजूक वाहिन्या फुटून रक्तस्राव होतो. २०११ मध्ये आरएनएफ२१३ या जनुकाचा संबंध उघड झाला, तो मुख्यतः पूर्व आशियातील रोग्यांत. आपल्याकडे सिकलसेलच्या मुलांत असेच चित्र उद्भवू शकते, हे विदर्भातील वैद्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

धमनी बुजणे थांबविणारे औषध नाही. ॲस्पिरिन केवळ गुठळीला आळा घालते. म्हणून टाळूची धमनी मेंदूच्या धमनीस जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. या व्याधीत ती १९७२ मध्ये झुरिच येथे याशार्गिल यांनी केली. लहान मुलांच्या वाहिन्या फार बारीक. त्यांच्यासाठी मात्सुशिमा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत धमनी न जोडता मेंदूच्या पृष्ठावर नुसती टेकवून ठेवतात आणि काही महिन्यांत तीमधून नव्या वाहिन्या फुटतात. प्रौढांतील रक्तस्रावावरही थेट जोड उपयोगी पडतो, असे २०१४ च्या जपानी चाचणीत दिसले, जरी तिचा संख्याशास्त्रीय आधार काठावरचा होता. शस्त्रक्रियेच्या आगेमागे मुलाच्या अंगातील पाणी कमी पडू नये आणि मूल रडू नये, याची शुश्रूषा करणाऱ्यांना खास ताकीद असते. आईला म्हणूनच जवळ ठेवतात.